पोळ्या करताना पत्ता कोण काढणार?

“मॅडम, साठी उलटल्यावर माणसाला जादू शिकायचं खूळ लागतं, हे नॉर्मल आहे का?”

काकू पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. इंदूरच्याच सुदामा नगरहून रिक्षाने माझ्याकडे समुपदेशनासाठी एकट्याच आलेल्या, घरी ‘भिशीला जाते’ असं सांगून. नवऱ्याच्या जादूपेक्षा स्वतःच्या या थापेनं त्या जास्त अस्वस्थ होत्या. काका सरकारी बँकेत कॅशिअर म्हणून लागले, हेड कॅशिअर होऊन दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. मुलगा-सून बंगलोरला. (नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. समोर बसवून मी त्यांना काका-काकूच म्हणायचे, इथेही तेच म्हणते.)

निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने बरे गेले. सकाळचं फिरणं, पोहे-जिलबी, पेपर, भाजी आणणं. मग एक दिवस घरात पत्त्यांचा कॅट आला. मग आणखी सहा. मग मुंबईहून पार्सलं यायला लागली. मागच्या खोलीचं दार बंद राहू लागलं आणि रात्री दीड-दोनला फरशीवर नाणं पडल्याचा टण्‌कन आवाज.

“आणि दिवसभर एकच. एक पत्ता काढ. माझे हात कणकेत, तव्यावर पोळी, आणि हे पत्त्यांचा पंखा धरून ओट्याशी उभे! पोळ्या करताना पत्ता कोण काढणार? नाही काढला तर ह्यांचं तोंड उतरतं, काढला तर पोळी करपते.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. खरा सल पुढे होता. जॉइंट खात्यातून चार महिन्यांत बावीस हजार गेले होते. “विचारलं तर म्हणतात, जादूगारानं गुपित सांगायचं नसतं. चौतीस वर्षं ह्यांच्या कॅशमध्ये रुपयाचा फरक आला नाही हो. तो माणूस आता मला ऐकवतो, दिसतं तसं नसतं!”

हा प्रश्न माझ्याकडे नवा नाही. एरवी तो आई-वडील घेऊन येतात: मुलगा तासन्‌तास पत्ते पिसत बसतो, जुगारी होईल का, लबाडी शिकेल का, भंवरकुआँच्या क्लासची फी भरली आहे तिचं काय? बायको नवऱ्याबद्दल विचारायला आली, ही मात्र पहिलीच वेळ. आणि कबूल करते, माझ्या मनात आधी आलं ते काही फार प्रेमळ नव्हतं. साठीच्या आसपास माणसाचा स्वभावच पालटला, कशाचं तरी झपाटल्यासारखं वेड लागलं, पैसा बेहिशेबी जाऊ लागला, वागण्यातली भीड गेली, तर आम्हाला स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराची शंका घ्यावी लागते. त्यात आठवण बरेच दिवस शाबूत राहते, बिघडतं ते वागणं. म्हणून मी खोदून विचारलं. चारचौघांत काही विचित्र बोलतात का? तुम्हाला ताप आला तर विचारपूस करतात का? एकच गोष्ट त्याच त्या पद्धतीनं करत राहतात, की नवीन काही शिकतात?

“ताप आला तर पेज करून देतात. वर ताटलीखालून लिंबू काढून दाखवतात.”

तरी मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या म्हटलं. दाखवलं, काही निघालं नाही. दुसरी गोष्ट सांगितली ती ही, की भिशीचं खोटं आजच घरी सांगून टाका. गुपितांनी त्रासलेल्या घरात आणखी एक नको.

पुढच्या आठवड्यात काका आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बसण्याआधीच त्यांनी फी पुढे केली. नोटा मोजल्या, अंगठ्याच्या एका झटक्यात, सगळ्या गांधीजींची तोंडं एका बाजूला. मी घेतल्या आणि खणात टाकल्या. हा तपशील मला त्या दिवशी महत्त्वाचा वाटला नव्हता.

“का?” एवढंच विचारलं. काकांकडे उत्तर तयार होतं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मामाकडे गेले असताना जादूगार रघुवीरांचा प्रयोग पाहिला, तेव्हापासून मनात होतं. उत्तर छान होतं, पण अशा उत्तरांवर मी फार विसंबत नाही. लहानपणी जादू कोणी पाहिलेली नसते? आमच्या पिढीनं जबलपूरच्या जादूगार आनंदांची नुसती पोस्टरं बघूनही हट्ट केलेत. ते सगळे काही घरी येऊन आरशासमोर उभे राहिले नाहीत. ज्यानं एखाद्याला जादूत धरून ठेवलं ते बहुतेक वेळा पुढे घडलेलं असतं, आणि ते सांगायला माणसाला वेळ लागतो.

काकांना तिसऱ्या भेटीपर्यंत लागला.

मी त्यांना पार्सलांबद्दल विचारत होते. ते जरा ओशाळले. “डबा उघडला की दर वेळी वाटतं, एवढंच? दोन हजार याचे?” हे मी इतर हौशी जादूगारांकडूनही ऐकलं आहे. गुपित कळलं की चमत्कार संपतो, तो कायमचा. बघणाऱ्याला जे मिळतं ते करणाऱ्याला पुन्हा कधी मिळत नाही. म्हणजे जादू शिकायची तर आधी जादू गमवावी लागते. कितीतरी जण इथेच अडकतात. पुढचं गुपित विकत घेतात, पुन्हा ‘एवढंच’ वाटतं, पुन्हा घेतात. कपाट भरतं, हात रिकामेच. काकांच्या कपाटातले नऊ डबे एकदा उघडून बंद केलेले होते. रोज रात्री हातात असायचं ते मात्र एक नाणं आणि एक साधा कॅट.

“मग नाणंच का?”

काका थोडा वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग बँकेबद्दल बोलायला लागले. मला आधी वाटलं, विषय टाळताहेत.

लागले तेव्हा सगळी मोजणी हातानं व्हायची. गड्डीला पिना मारलेल्या, त्या काढायच्या, ओल्या स्पंजवर बोट टेकवायचं आणि सुरू. शंभराची गड्डी मोजता मोजता त्यातली फाटकी बाजूला पडायची, खोटी बोटालाच कळायची. १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेचं स्वच्छ नोटांचं धोरण आलं, पिना जाऊन कागदी पट्ट्या आल्या. मग शाखेत मोजणीयंत्र आलं. “मशीन आलं आणि माझे हात हमाल झाले. गड्डी ठेवायची, गड्डी उचलायची.” नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा शाखेबाहेर रांगा आणि आत यंत्र तापून बंद पडलेलं. ते दिवस सगळ्यांना वाईट म्हणून आठवतात. काकांचे डोळे ते सांगताना चमकले. तीन दिवस त्यांनी हातानं मोजलं होतं.

आणि मग म्हणाले, “काउंटरवर लोक काय बघतात माहितीये? हात. चौतीस वर्षं माझ्या हातांकडे बघितलं लोकांनी. हा नोट दाबतोय का, चुकतोय का. बरोबरच आहे, पैसा त्यांचा. पण तोंडाकडे कोणी बघितलं नाही. राजवाड्याच्या चौकात समोरासमोर आले तर ओळखायचे नाहीत.” थोडं थांबून, “तुम्हीसुद्धा पहिल्या दिवशी हातांकडेच बघत होतात.”

बघत होते. काय बोलणार!

“जादूत उलटं आहे. लोकांनी हाताकडे बघितलं की मी मेलो. मी वर बघतो, त्यांच्याकडे बघून काहीतरी विचारतो, की तेही वर बघतात. त्याशिवाय नाणं जातच नाही.”

घरी येऊन मला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आठवला. बुद्धिमापन चाचणीमुळे आम्हा लोकांना तो नेहमीचाच, पण ती चाचणी रचण्याच्या दहाएक वर्षं आधी, १८९०च्या दशकात, त्यानं पॅरिसमध्ये जादूगारांना प्रयोगशाळेत बोलावलं होतं. हातचलाखी चालू असताना झरझर एकामागून एक फोटो काढवले. फोटोंत जादू उरलीच नाही. नाणं कुठल्या हातात राहिलं ते सरळ दिसत होतं. कॅमेरा जादूगाराच्या बोलण्याला भुलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. काकूंचं घरात नेमकं हेच झालं होतं. ओट्यापाशी उभ्या राहून त्या डावीकडून, तिरकं, आणि हातांकडे बघायच्या. गेल्या चार महिन्यांत त्यांनी प्रत्येक नाणं पडताना पाहिलं होतं. काका बिचारे रोज त्या कॅमेऱ्यापुढे उभे राहत होते आणि तोंड पाडून परत जात होते.

हातांना काम असलेली माणसं जादूकडे वळावीत यात फारसं नवल नाही. आधुनिक जादूचा जनक म्हणतात तो फ्रान्सचा रोबेर-उदँ मूळचा घड्याळजी. चाळिशीला टेकताना, १८४५ मध्ये, त्यानं पॅरिसला स्वतःचं थिएटर उघडलं. त्याच्याच नावावरून पुढे हुदिनीनं आपलं नाव घेतलं. पण सगळेच हातांमुळे येतात असं नाही. चारचौघांत बोलायला घाबरणारी मुलं येतात, कारण पत्ता पुढे केला की बोलण्याला निमित्त मिळतं. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते बाबा-बुवांचे चमत्कार स्टेजवर करून दाखवतात, त्यामागे काय हातचलाखी आहे तेही सांगतात. त्यांची जादू गुपित फोडण्यासाठीच असते. आणि काही जण येतात ते ‘मला माहीत आहे, तुला नाही’ या सुखासाठी. असा एक कॉलेजातला मुलगा माझ्याकडे होता. पत्ता ओळखून झाला की मुलींना सांगायचा, मला मनातलं कळतं. त्याच्याशी मी वेगळं आणि जरा कडक बोलले. म्हणून पालक विचारतात, ‘जादू वाईट का हो?’, तेव्हा मी उलट विचारते: आयटम संपल्यावर समोरच्याचं तोंड कसं असतं? हसरं, की पडलेलं? यावरून पुष्कळ कळतं. पत्त्यांचा जुगाराशी संबंध लावायची मला तरी घाई नाही. आपल्या पोरांच्या हातात मोबाइलवर पैसे लावायचे खेळ आहेत, कॅट त्यापुढे गरीब आहे.

चौथ्या भेटीला दोघं एकत्र आले. मी फार काही केलं नाही. काकांना म्हटलं, बँकेबद्दल मला सांगितलंत ते यांना सांगा. काकू ऐकत होत्या. राजवाड्याचं आलं तेव्हा त्यांनी पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, “हे मला का नाही सांगितलं? मला वाटलं, तुम्हाला मला फसवण्यात मजा येते.”

काकांना हे कधी सुचलंच नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

मग व्यवहाराचं. आयटमचं गुपित ठेवा, बिलाचं नाही. सहा महिने एकही नवीन डबा नाही, आहे त्यातलं एक बसवा. स्वयंपाकघरात पत्ता काढायला लावायचं नाही. नवीन आयटम आठवड्यातून एकदा, काकूंचं काम आटोपलं की, आणि त्या समोर बसतील, तिरक्या नाही. काकूंना सांगितलं, दिसलं तर ‘दिसलं’ म्हणा, पण तिथेच, नंतर जेवताना नाही.

गाडी खरी अडली ती धंद्यावर. काकांच्या मनात वाढदिवसांचे कार्यक्रम घ्यायचे होते. काकू एकदम ताठ झाल्या. “रिटायर्ड हेड कॅशिअर! पोरांसमोर चकचकीत टोपी घालून? लोक म्हणतील पेन्शन पुरत नाही.” आपल्या मराठी घरांत नाटकात काम केलेलं चालतं, गाणं चालतं, त्याची बिदागीही चालते. जादूगार म्हटलं की मदारी आठवतो. मला हा भेद कधीच पटलेला नाही, आणि ते मी बोलून दाखवलं, समुपदेशकानं बोलू नये तितकं स्पष्ट. पण काकांनाही सांगितलं की हौस आणि धंदा यांत मोठं अंतर आहे. हौशी माणूस दहा जणांना एकेक आयटम करतो. धंद्यात पाऊण तास, पंचवीस पोरं, केक आणि डीजे, आणि मूड असो-नसो करावंच लागतं. तेच आठ आयटम शंभर वेळा. ज्याला नवेपणाची ओढ त्याला हे जाचतं. काका म्हणाले, “शंभर वेळा तेच? मॅडम, मी कॅशिअर होतो.”

ठरलं ते असं, की पहिले चार कार्यक्रम फुकट, टोपीशिवाय, ओळखीच्यांत, आणि मग दोघांनी मिळून काय ते ठरवायचं.

गणपती झाल्यावर काकूंचा फोन आला. आता ‘मॅडम’ नव्हतं, ‘अगं’ होतं. सोसायटीच्या गणपतीत काकांनी वीस मिनिटं केली. एका पोरानं ‘डाव्या हातात आहे!’ म्हणून ओरडून नाणं पकडलं. काकांनी मूठ उघडून दाखवली, त्याला पुढे बोलावलं आणि त्याच्याच हातातून तेच नाणं घालवलं. टाळ्या पडल्या. सकाळी जिन्यात दोन पोरांनी त्यांना हाक मारली, कोणाचे आजोबा म्हणून नव्हे, ‘जादूवाले काका’ म्हणून.

“तुम्ही कुठे बसला होतात?” मी विचारलं.

“समोर. पहिल्या रांगेत. अगं, मला समोरून पण दिसतं सगळं. चार महिने तेच बघत होते ना. नाणं कुठे जातं ते मला ह्यांच्या आधी कळतं.” मागे कुकरची शिट्टी झाली, त्या क्षणभर थांबल्या. “पण आता बघत नाही मी तिकडे. ह्यांनी वर बघितलं की मी पण वर बघते.”