वाचकांचे प्रश्न : विमा कंपनीने ‘नाही’ म्हटले, आता?

प्रश्न : आई ७६ वर्षांची असून तिची मेडिकेअर ॲडव्हान्टेज (सरकारी मेडिकेअर विमा खासगी कंपनीमार्फत देणारी) योजना आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी काही आठवडे स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत (कुशल नर्सिंग व थेरपी देणाऱ्या केंद्रात) ठेवायला सांगितले. ‘घरी थेरपी पुरेशी आहे’ म्हणत कंपनीने पूर्वमंजुरी नाकारली. काय करावे?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : अपील करा, तेही आजच. केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या विश्लेषणानुसार २०२३ मध्ये या योजनांनी सुमारे ३२ लाख पूर्वमंजुऱ्या पूर्णतः किंवा अंशतः नाकारल्या. त्यांपैकी अपील झाले फक्त ११.७ टक्क्यांवर, आणि त्यातले ८१.७ टक्के निर्णय पूर्णतः किंवा अंशतः फिरले. लोक गप्प बसतात, हे कंपन्यांच्या पथ्यावरच पडते.

अपिलाची मुदत नोटीशीच्या तारखेपासून ६५ दिवसांची. साध्या अपिलाचा निकाल ३० दिवसांपर्यंत लांबू शकतो. आईच्या स्थितीत ते कुचकामी. ‘एक्स्पेडायटेड’ (तातडीचे) अपील मागा, म्हणजे ७२ तासांत उत्तर मिळेल. मागणी डॉक्टरांनी केलेली बरी. उशिराने प्रकृतीला धोका आहे असे त्यांनी कळवले, की कंपनीला ते तातडीचे मानावेच लागते. तुमच्या मागणीला ती नकार देऊ शकते. शिवाय मुलाला परस्पर अपील करता येत नाही. त्यासाठी आईच्या सहीचा सीएमएस-१६९६ हा प्रतिनिधी नेमणुकीचा फॉर्म किंवा तसाच लेखी अधिकार लागतो, आणि नेमके इथेच दिवस वाया जातात.

पत्रात ‘गरज आहे’ एवढेच लिहून भागत नाही. २०२४ पासून या योजनांना मूळ (सरकार थेट चालवते त्या) मेडिकेअरचेच निकष लावावे लागतात. तेव्हा रोज कुशल थेरपी किंवा नर्सिंग का हवे आणि ते घरी का जमणार नाही, हे दाखवा : वॉकरने किती पावले चालते, पलंगावरून उठवायला किती जण लागतात, घरात जिने किती, जखमेची स्थिती काय. संगणकाने काढलेला ‘सरासरी मुक्काम’ हे नकाराचे एकमेव कारण चालत नाही. कंपनी नकारावर ठाम राहिली, तर फाइल आपोआप स्वतंत्र तपासणी संस्थेकडे जाते.

आई तिथे दाखल झाल्यावर ‘अमुक तारखेपासून पैसे बंद’ अशी नोटीस आली, तर मार्ग वेगळा. ती किमान दोन दिवस आधी यायला हवी. तिच्यावर छापलेल्या क्रमांकावर, मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी १२ च्या आत फोन करा. त्या वेळी कंपनीच्या कस्टमर केअरशी हुज्जत घालत बसलात, तर ही वेळ हुकते.

प्रश्न : मग मूळ मेडिकेअरमध्येच परतावे का?

उत्तर : परतता येते, १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर किंवा १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात. अडते ते मेडिगॅपपाशी. मूळ मेडिकेअर देत नाही तो वरचा २० टक्के खर्च उचलणारी ही पूरक पॉलिसी जुन्या आजारांमुळे नाकारली जाऊ शकते किंवा महाग पडते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मेन ही राज्ये याला अपवाद आहेत. न्यू जर्सी त्यांत नाही. ॲडव्हान्टेजमध्ये पहिल्यांदाच येऊन वर्ष झाले नसेल, तर परतीचा खास हक्क मिळू शकतो. एरवी मेडिगॅपची लेखी स्वीकृती हातात पडल्याशिवाय चालू योजना सोडू नका, आणि औषधांसाठी पार्ट डी हा मेडिकेअरचा औषध-विमा वेगळा घ्यावा लागेल हेही हिशेबात धरा. राज्याच्या ‘शिप’ या मेडिकेअर सल्ला केंद्रात याचा सल्ला फुकट मिळतो.