‘४८२ मिग-२१ पडली’ म्हणतात; मग आपल्या हवाईदलाच्या या सोव्हिएत बनावटीच्या लढाऊ विमानाला ‘उडती शवपेटी’ म्हणणं बरोबर आहे का? दोष विमानाचा होता की वैमानिकांचा?

दोघांचाही थोडाथोडा. पण सगळ्यात जास्त दोष एका तिसऱ्याच विमानाचा, जे आपल्याकडे नव्हतंच. त्याच्याकडे येतो.

आधी माझा पक्षपात कबूल करतो. मी ओझरचा. नाशिकजवळच्या आमच्या गावाला आजही ‘ओझर मिग’ म्हणतात, कारण १९६४ साली इथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आला तो मिग-२१ बांधायला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी होती. शाळेत ‘वडील कुठे असतात?’ असं कुणी विचारलं की ‘मिगला’ एवढं उत्तर पुरायचं. त्यामुळे या विमानाला कुणी शवपेटी म्हटलं की मला घरच्या माणसाला शिवी दिल्यासारखं वाटतं. तरीही जे आहे ते सांगतो.

मिग-२१ हे मुळात उंचावरून येणाऱ्या बॉम्बफेकी विमानाला गाठून पाडण्यासाठी बनवलेलं विमान. झपकन वर जायचं, ध्वनीच्या दुप्पट वेगाने धावायचं, मारायचं आणि इंधन संपायच्या आत परत यायचं. त्यासाठी पंख लहान, पातळ आणि त्रिकोणी. वेगात असताना हे पंख उत्तम काम करतात, खरी परीक्षा उतरताना असते. वेग कमी झाला की नाक बरंच वर धरावं लागतं, नाक वर गेलं की समोरची धावपट्टी नीट दिसत नाही आणि हवेचा अडथळाही वाढतो. तो ओलांडायला इंजिनाचा जोर सतत ठेवावा लागतो. चुकून थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) जास्त मागे घेतला तर विमान खाली बसायला लागतं, आणि मग पुढे ढकलला तरी त्या पिढीचं इंजिन जोर धरायला काही सेकंद घेतं. जमीन जवळ असताना काही सेकंद म्हणजे सगळंच. उतरण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर. प्रवासी बोईंगसुद्धा याहून सावकाश उतरतं.

पण हे दुर्गुण साऱ्या जगाला माहीत होते आणि मुरलेले वैमानिक हे विमान हातातल्या बोटासारखं वळवायचे. १२ डिसेंबर १९७१ ला जामनगरजवळ मिग-२१ ने पाकिस्तानचं अमेरिकी बनावटीचं एफ-१०४ पाडलं. १४ डिसेंबरला ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर बैठक भरणार असल्याची खबर मिळाली आणि मिग-२१ नी थेट त्या इमारतीवर रॉकेटं सोडली. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला, दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्याची शरणागती. वाईट विमानाकडून असली नेमकी कामं होत नाहीत.

मग इतकी पडली कशामुळे? आता ते नसलेलं विमान.

नवा वैमानिक शिकतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. आधी पंख्याचं साधं विमान, मग किरणसारखं सौम्य जेट, मग प्रगत जेट प्रशिक्षण विमान आणि त्यानंतर लढाऊ विमान. आपल्याकडे तिसरी पायरीच गायब होती. विशी-बाविशीतला मुलगा किरणवरून उतरायचा आणि थोड्याच काळात त्याची गाठ ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या मिग-२१ शी पडायची. १९८६ पासून तेजपूरला मिगवरच्या प्रशिक्षणाचं केंद्र सुरू झालं, म्हणजे गायब पायरीचं काम मिग-२१ कडूनच करून घेतलं. दोन आसनी मिगमध्ये मागे बसलेल्या शिक्षकाला उतरताना पुढचं इतकं कमी दिसतं की त्याच्यासाठी छतावर पेरिस्कोप बसवलेला असायचा, पाणबुडीसारखा! स्कूटर शिकून झाल्यावर कुणाला थेट घाटात ट्रक चालवायला द्यावा आणि शेजारी बसलेल्या उस्तादाची काचही अर्धी झाकावी, तसा प्रकार.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. एअर मार्शल ला फाँटेन (हेच पुढे हवाईदल प्रमुख झाले) यांच्या समितीने १९८२ मध्येच प्रगत जेट ट्रेनर घ्या असं सांगितलं होतं. अशा ट्रेनरचा, म्हणजे ब्रिटिश हॉक विमानांचा, करार झाला २००४ साली आणि ती बिदरला रुजू झाली २००८ मध्ये. २२ वर्षं नुसत्या करारापर्यंत! या काळात जे तरुण गेले त्यांच्या चौकशी अहवालात ‘वैमानिकाची चूक’ असं लिहिलं जायचं. तांत्रिकदृष्ट्या ते अनेकदा खरंही असेल, पण चूक करण्याच्या जागी त्याला कुणी नेऊन बसवलं हा रकाना त्या अहवालात नसायचा. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडहून रात्री उड्डाण केल्यावर लगेचच गेले. त्यांच्यावरही असाच ठपका आला तेव्हा त्यांचे आईवडील तो मान्य करून गप्प बसले नाहीत. मुलाच्या नावाने त्यांनी हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली आणि हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला.

बाकी कारणं आहेतच: एकच इंजिन, तळांभोवती वाढलेली वस्ती आणि कचऱ्यावर जमणारे पक्षी, सोव्हिएत संघ कोसळल्यावर सुट्या भागांची ओढाताण. शिवाय वय. जागा घ्यायला यायचं ते हलकं लढाऊ विमान १९८३ ला मंजूर झालं, २००१ ला पहिल्यांदा उडालं आणि तेजस म्हणून पहिल्या स्क्वाड्रनमध्ये आलं ते २०१६ ला. तोवर जुन्या मिगनाच नवे रडार आणि क्षेपणास्त्रं लावून ‘बायसन’ केलं. काम ओझरलाच झालं आणि चांगलं झालं, पण सांगाडा जुना तो जुनाच.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. तेच एफ-१०४ पश्चिम जर्मनीने ९१६ घेतली. त्यातली २९० हून अधिक गमावली, ११६ वैमानिक गेले, आणि लोक त्याला ‘विधवा करणारं’ म्हणू लागले. त्यांचे वैमानिक ॲरिझोनाच्या लख्ख उन्हात शिकायचे आणि उडवायचे जर्मनीच्या धुक्यात. १९६६ मध्ये श्टाइनहॉफ हवाईदलाचे प्रमुख झाले. त्यांनी प्रशिक्षण आणि देखभाल नीट लावली आणि अपघात कमी झाले. विमान मात्र तेच राहिलं.

आता तुम्ही प्रश्नात दिलेला ‘४८२ मिग-२१ पडली’ हा आकडा. तो २०१२ साली संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत दिलेल्या उत्तरातला आहे. त्यात १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक गेल्याचंही आहे. पण ते उत्तर ‘मिग विमानां’बद्दल होतं. मिग-२३, मिग-२७ वगैरे सगळी त्यात आली. मिग-२१ चा वाटा सर्वांत मोठा यात वाद नाही, पण व्हॉट्सॲपवर फिरता फिरता बाकीची भावंडं गळाली आणि सगळं एकट्याच्या नावावर चढलं.