कारवानी आणि मुधोळ हाउंड एकच का? फ्लॅटमध्ये पाळता येईल का?

हो, कुत्र्यांची ही जात एकच. केनेल क्लब ऑफ इंडिया तिला कारवान हाउंड म्हणतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. आताच्या कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपड्यांनी ती जोपासली, त्यावरून दुसरं नाव. गावाकडे आमच्या घरी कायम कारवानी असतात, त्यावरून सांगतो: लांबट निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. कमरेची हाडं वर दिसतात, म्हणून उपाशी समजून खाऊ घालत सुटू नका. बांधाच तसा आहे. घरच्यांवर अपार जीव, परक्याने अंगाला हात लावलेला मात्र खपत नाही. फ्लॅटमध्ये राहील, पण रोज बंदिस्त मैदानात मोकळं पळू देणार असाल तरच. रस्त्यावर पट्टा सोडू नका, मांजर दिसलं की हाक ऐकूच येत नाही त्याला.