आधी तोंडाने सांग

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा जिन्यात उभ्या उभ्या तू म्हणालीस, "पाळणाघराच्या मावशी फार मायेच्या आहेत हो, फक्त त्यांचे मिस्टर सिगारेट ओढतात, पण गॅलरीत. कसं बोलू?" उत्तराची वाट न बघता बाळाला कडेवर सावरत निघून गेलीस. मला मात्र रात्रभर झोप नाही.

माझं सासर सिन्नरचं, विड्यांचं गाव. सासूबाई मांडीवर सूप घेऊन आयुष्यभर विड्या वळत आल्या, त्या पैशावर चार मुलं शिकली. त्या घरात विडीला नाव ठेवणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारणं. पुढे आम्ही नाशिकच्या सिडकोत राहायला आलो. डिसेंबरच्या थंडीत मामंजी खिडक्या लावून खाटेवर बसायचे, मांडीवर नातू, हातात विडी. मी चहा नेऊन द्यायचे आणि येताना एक खिडकी उघडायचे. तेवढंच माझं धाडस. खिडकीने आणि पंख्याने धुराचा धोका जात नाही, हे फार उशिरा कळलं. दर हिवाळ्यात पोराला घरघर लागायची, दोनदा रात्री रिक्षात घालून नेला. धुरामुळेच, असं कुणी लिहून दिलं नाही. पण धुराच्या घरातल्या मुलांना दमा, न्यूमोनिया, कानाची दुखणी जास्त होतात, हे डॉक्टर सांगतात तेव्हा मला ती रिक्षाच आठवते.

म्हणून म्हणते, तोंडाने सांग. नाक मुरडून नाही, खिडकी उघडून नाही. तोंडाने.

'गॅलरीत ओढतात' यावर समाधान मानतेस, याचा मला राग येतो. धूर दाराच्या फटीतून आत येतो आणि पाठोपाठ माणूस येतो, शर्टाला, बोटांना, मिशीला तेच घेऊन. सिगारेटच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यातली सत्तरेक कॅन्सर करणारी. निकोटीन भिंतीवर, पडद्यावर, गादीत, धुळीत चिकटून बसतं. डॉक्टर आता याला थर्डहँड स्मोक म्हणतात. अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली, तर दोन महिने रिकामी राहून, साफसफाई होऊनही तिथे निकोटीन सापडलं. तुझं बाळ सात महिन्यांचं, आता रांगेल. रांगतं मूल फरशी हाताने पुसतं आणि तो हात तोंडात घालतं. अगरबत्तीने वास झाकतो, बाकी काही होत नाही.

कायद्याच्या भरवशावर राहू नकोस. 2 ऑक्टोबर 2008 पासून कचेरीत, बसमध्ये ओढलं तर 200 रुपयांपर्यंत दंड आहे, पण कुणाच्या गॅलरीत कोण पावती फाडायला येणार? तिथे तुझंच तोंड.

काय बोलायचं तेही ऐक. "मावशी, मूल घरात असताना आणि नसतानाही घरात नाही, गॅलरीत नाही. काका बाहेरून ओढून आले तर शर्ट बदलून, हात-तोंड धुऊनच बाळाला घेतील. बाळाची चादर मी घरून देईन, रोज परत नेईन." एवढंच. 'राग मानू नका हं' असलं शेपूट लावू नकोस. नाही म्हणाल्या तर जागा बदल, माया कितीही असो. भीड भिकेची बहीण.

मीही 21 वर्षं पाळणाघर चालवलं. नातीला न्यायला आलेल्या एका आजोबांच्या अंगाला सिगारेटचा वास आला, तर मी त्यांना बेसिनकडे पाठवलं. चारचौघांत. पुढच्या महिन्यात ती मुलगी यायची बंद झाली, मागोमाग आणखी दोघं. 'बाईचं डोकं फिरलंय' असं कॉलनीत बोलत होते. माझं तोंड फाटकं, हे कबूल. मामंजींना न बोललेलं मी परक्या आजोबांवर काढत होते, हेही मला तेव्हाच कळत होतं. कळूनही मी पुढे तेच केलं. उरलेल्या आठ मुलांच्या आयांपैकी एकीनेही मला 'थांबा' म्हटलं नाही.

सोमवारी तुझी अंबडची ड्युटी सुरू होतेय, म्हणजे रविवारीच जायला हवं. एकटीने जमणार नसेल तर फोन कर, मी येते. पण मी दारात उभी राहीन. आत जाऊन बोलायचं तू.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू