आधी पाय, मग डोकं

मिरज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ तीनदा पाहिला. 19 महिन्यांची पोर प्लास्टिकचं स्टूल फरफटत ओट्यापाशी आणते, त्यावर गुडघा टेकते, ओट्याची कड धरून वर जाते आणि मिसळणाच्या डब्यातली हळद दोन्ही गालांना फासून तुझ्याकडे बघून हसते. पहिल्यांदा मलाही हसू आलं. दुसऱ्यांदा तिच्या कोपराशेजारची शेगडी आणि तिच्यावरचं दुधाचं पातेलं दिसलं, आणि हसू जिरलं. तिसऱ्यांदा नुसते आवाज ऐकले. तुझी आई मागून म्हणतेय, “अगं बाई, पडंल की ती!” आणि सूनबाई विचारतेय, “लक्ष कुठे होतं?” कोणाला विचारतेय ते कळलं नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

खाली तुझा प्रश्न: “बाई, हिला थांबवू कसं?” अंगठ्याने एवढं सगळं टाइप करणं मला जमायचं नाही, म्हणून कागद घेतला.

थांबवू नकोस. उतरायला शिकव.

तुला आठवायचं नाही, पण 1997 साली तू आमच्या बालवाडीच्या खिडकीचे गज धरून सरसर वर जायचास आणि वर पोचलास की भोकाड पसरायचास. उतरता यायचं नाही ना. रोज डब्याच्या सुट्टीत मी तुला काढायची. पाचव्या-सहाव्या दिवशी माझी कंबर धरली. मग मी तुला उचलणं सोडलं, तुझा घोटा धरला आणि खालच्या गजावर टेकवला. “हा एक. आता दुसरा.” आठवडाभरात तू आपला आपण खाली यायला लागलास. यात शिक्षणशास्त्र वगैरे काही नव्हतं, माझी कंबर होती. पण त्यानंतर पुढची सगळी वर्षं मी हेच करत आले.

चढताना मुलाला हवी ती वस्तू समोर दिसते, हात दिसतात, पाय आपोआप मागून येतात. उतरताना पाय डोळ्याआड जातात. त्यातून या वयात डोकं अंगाच्या मानाने जड, म्हणून पोर तोंड पुढे करून निघाली की डोक्यावरच येते. दिवाणापासून सुरुवात कर. तिला कडेशी आण, उलटी फिरव, पोटावर झोपव, पाय खाली सोड, जमीन लागेपर्यंत कंबरेला नुसता हात ठेव. दर वेळी शब्द तेच: “उलटी हो, पोटावर, आधी पाय.” घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे, आजीने एक आणि बापाने दुसरंच सांगितलं की पोर गोंधळते. काही दिवसांनी ती स्वतःशीच “उटी, उटी” पुटपुटत दिवाणाच्या कडेला पाठ फिरवेल. तेव्हा मला कळव.

आता एक गंमत सांगते. न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अ‍ॅडॉल्फ नावाच्या बाई मुलांच्या चालण्याचाच अभ्यास करतात. 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना त्यांनी पावलं आणि पडणं मोजलं, आणि 2012 साली ते छापलं. तासाला सरासरी 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं! म्हणजे तुझी लेक दुपारच्या झोपेआधीच किती वेळा आपटत असेल याचा हिशेब कर आणि प्रत्येक वेळी धावणं सोडून दे. याच बाईंच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती जास्त कामाची. रांगताना कडेशी थबकायला शिकलेलं मूल चालायला लागलं की पुन्हा त्याच कडेवरून सरळ पुढे पाऊल टाकतं. रांगण्यातलं शहाणपण चालण्याला लागू पडत नाही, ते पहिल्यापासून शिकावं लागतं. तेव्हा दिवाणावरून उतरता आलं म्हणजे जिन्यावरूनही येईल असं धरून चालू नकोस. जिन्याची शिकवणी वेगळी लागेल.

“पडशील!” हा शब्द मात्र घरातून हद्दपार कर. तू ओरडलास की ती तुझ्याकडे वळून बघते, आणि वळली म्हणूनच पडते. ओरडायचंच असेल तर “हात घट्ट धर” म्हण, त्यात निदान करायला काहीतरी आहे.

पडल्यावर आपल्याकडे “मुंगी मेली, मुंगी मेली!” म्हणतात. ते मला आवडतं. मूल रडायचं विसरून मुंगी शोधायला लागतं. पण “हत् रे जमीन” म्हणत फरशीला चापट मारतात ना, ते मला कधीच पटलं नाही. आपण पडलो की दुसऱ्या कोणाला तरी मार बसला पाहिजे, हे तिथून सुरू होतं. आणि मोठेपणी आपण फरशीऐवजी घरातल्या माणसाला चापट मारतो. “लक्ष कुठे होतं तुझं?” ती चापटच आहे.

माझा धाकटा दोन वर्षांचा होता. आम्ही तेव्हा पाटावर बसून जेवत होतो आणि वरणाचं पातेलं मी जमिनीवर ठेवलं होतं. उकळतं वरण. मी लोणच्याची बरणी आणायला उठले, तेवढ्यात त्याने पळी धरून पातेलं ओढलं. डावा हात कोपरापर्यंत. शेजारची एक म्हणे शाई लावा, दुसरी टूथपेस्ट घेऊन आली. माझ्या सासूबाई अक्षरशत्रू, पण त्यांनी सगळ्यांना बाजूला सारलं, त्याच्या हातातलं कडं काढलं, मोरीत बसल्या आणि माठातलं पाणी तांब्याने ओतत राहिल्या. माठ संपल्यावर नळाखाली हात धरला. मग दवाखाना. आज डॉक्टर तेच सांगतात: भाजलं की वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं, बर्फ नाही, पेस्ट नाही, तूप नाही. त्याच्या मनगटावर डाग अजून आहे. सासूबाई एरवी मला मिठाच्या कणावरून बोलायच्या, पण त्या दिवशी नाही आणि त्यानंतर कधीच नाही, हा विषय त्यांनी काढला नाही. संध्याकाळी फक्त एक चौरंग आणला आणि भिंतीकडे ठेवला. “आजपासून गरम भांडं याच्यावर,” एवढंच.

त्या चौरंगावरून मी घरातल्या गोष्टींचे दोन वाटे करायला शिकले. एका वाट्यात टेंगूळ, खरचटणं, ओठ फुटणं. तिथे तिला चढू दे, पडू दे, तू जवळ राहा. दुसऱ्या वाट्यात अशा वस्तू, ज्या दुसरी संधी देत नाहीत. तिथे मुलीला शिकवायचं नाही, वस्तू हलवायची. “नाही म्हटलं की ऐकते आमची” हे वाक्य मी बऱ्याच शहाण्या आईबापांकडून ऐकलंय. ऐकते, तू समोर असेपर्यंत.

देवघरापासून सुरू कर. तुझी आई आल्यापासून रोज आरती असणार. कापूर आणि खडीसाखर शेजारी-शेजारी ठेवलेली असते, दोन्ही पांढरी, आणि एकीचा प्रसाद रोज मुलीच्या हातावर पडतो. मग ती दुसरीही तोंडात घालणारच. लहान मुलाला थोड्या कापरानेसुद्धा झटके येऊ शकतात. डबी वरच्या फळीवर, घट्ट झाकणाची. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, डासांच्या मशीनची बाटली, फरशी पुसायचं औषध, आजीच्या बीपीच्या गोळ्या यांनाही तोच नियम. आईची पर्स जमिनीवर असते का, ते बघ. असं काही पोटात गेलंच तर बोटं घालून ओकायला लावू नका. पाकीट नाहीतर बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना, गाडी नसेल तर 108.

रिमोट, वजनकाटा, गाणं म्हणणारं खेळणं यांतले चपटे गोल सेल बघ. ज्याच्या झाकणाला स्क्रू नाही ती वस्तू तिच्या हाती नको. तो सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं, म्हणून “शीतून पडेल” म्हणत वाट बघायची नाही.

बादली. पुण्यात पाण्याची वेळ असते म्हणून तुम्ही भरून ठेवता हे मला माहीत आहे. झाकण ठेवा, बाथरूमचं दार ओढून घ्या. वाकून पाहणारं मूल डोक्याच्या भाराने आत जातं आणि त्याचा आवाजही होत नाही. बाथरूमच्या दाराची आतली खालची कडी काढून टाक, नाहीतर एक दिवस ती आत आणि तुम्ही तिघं बाहेर. सातव्या मजल्याच्या खिडकीखालून खुर्ची, टीपॉय, कुंडी सगळं हलव. मच्छरजाळी डास अडवते, मूल नाही.

शेंगदाणे अख्खे द्यायचे नाहीत, पाच वर्षांची होईपर्यंत. फुटाणे नाहीत. कूट करून दे. आणि तू, सूनबाई, आई, तिघंही घशात अडकल्यावर काय करायचं ते एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या, डॉक्टर दाखवतील. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं. आवाजच फुटत नसेल तर मात्र पाठीत थाप द्यावी लागते. तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, दाणा आणखी आत जातो.

झालं. एवढा एक शनिवार घालव, मग उरलेल्या घरात तिला मोकळं सोड.

आता ओट्याचं. ती ओट्यावर का चढते? कारण घरातलं सगळं गमतीचं तिथेच घडतं. फोडणी तिथे, कुकरची शिट्टी तिथे, तुम्ही तिघं तिथे. प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम शिकवलं. त्यांनी 1945 साली बोर्डीत बालवाडीचं काम उभं केलं आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि साधनं म्हणून तिथलेच शंख-शिंपले, बिया, दगड. तुम्हाला अंगण नाही. मग ओटाच खाली आण. तुझी आई चटईवर बसून भाजी निवडते, तिथे पोरीपुढे बटाटे आणि कांदे एकत्र ओत, दोन टोपल्या दे. मटार नकोत. पोळ्या करताना कणकेचा गोळा दे. खालचा एक खण तिचा: डाव, झाकणं, पितळेची वाटी. आवाज होईल, होऊ दे. शांत बसावी म्हणून मोबाईल देता, त्याबद्दल मी काही बोलत नाही; तुलाही माहीत आहे आणि मलाही.

आई आणि पोर दोघींना घरात एकटं सोडून तुम्ही दोघं कामावर जाता, त्या तासांचं बघ. आईच्या गुडघ्यांना ही शर्यत झेपायची नाही आणि ती ते कबूल करणार नाही. स्वयंपाक तू सकाळी उरकून जा, निदान त्या वेळात शेगडी बंद राहील. तुला वरण-भात येतो, मला ठाऊक आहे.

आणि परवा, तेरवा कधीतरी पोर पडेलच, कोणाच्या तरी पाळीत. डोक्यावर पडून सारखी ओकली, गुंगीत गेली, झटका आला, कानानाकातून पाणी आलं, तर घरी थांबायचं नाही. यातलं काही नसेल, नुसतं टेंगूळ असेल, तर आधी तिला उचल, मग ज्याच्या पाळीत पडली त्याला चहा दे. प्रश्न विचारायचाच तर “स्टूल कुठे ठेवूया?” हा विचार.

तासगावची द्राक्षं आली आहेत. रविवारी शेजारचा मुलगा पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर एक पेटी पाठवते. बिनबियांची असली तरी तिला अख्खं देऊ नका, उभं चिरून चार फोडी करा. आणि पेटी ओट्यावर ठेवू नका.

तुझ्या
बालवाडीच्या बाई