पावसाळा लागला म्हणून पीएफ मोडू नकोस
गोव्यात बार्देशातल्या हॉटेलांत मी २२ सीझन काढलेत, म्हणून कळकळीने सांगतो. म्हातारपणाला पैसा उरत नाही, कारण पगार कमी, हे खरंच. पण मोठी गळती पावसाळ्यात लागते. सीझन संपतो, काम सुटतं, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर येते आणि आपण पीएफ काढतो. मीही ३ वेळा काढला. पीएफसोबत जमणारा पेन्शनचा वाटाही उचलला, तर नुसती रक्कम जात नाही. पेन्शनला लागणारी १० वर्षांची नोकरी पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. ५८व्या वर्षी ते फार बोचतं रे. नव्या मालकाला जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, दे आणि जुन्या खात्यातली शिल्लक नव्यात वळती करून घे. चवथीच्या खर्चासाठी ऑक्टोबरपासूनच बँकेत आरडी, म्हणजे दर महिन्याची ठेव, सुरू कर, अगदी ५०० रुपयांची का होईना. आणि पीएफला वारसाचं नाव आजच नोंदव.