ठकूबद्दल तू विचारलंस म्हणून

प्रिय चिऊ,

खंडेनवमीला व्हिडिओ कॉलवर काकाने आपल्या पुण्याच्या घरातली जुनी बंदूक, ठकू, दाखवली. पाटावर ठेवलेली, हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली. "ठकूबाईला नमस्कार कर गं," असं तो म्हणाला आणि तू केलासही. कॉल संपल्यावर मात्र मला विचारलंस, "आई, शाळेत आम्ही जिच्यापासून लपायची प्रॅक्टिस करतो, तिला आपल्या घरात नाव कसं काय?"

मी "नंतर सांगते" म्हटलं. ते नंतर आज आलं. तोंडी सांगायला गेले तर अर्धं घशातच राहील, म्हणून लिहितेय. एखादा शब्द अडला तर विचार, पण शक्यतो सगळं एकटीने वाच.

प्रश्न लागला मला. राग नाही आला, पण लागला. २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेतल्या गोळीबाराची बातमी आली त्या रात्री मी तुझ्या खोलीत जमिनीवर झोपले होते, तुला आठवत नसेल. त्याच वर्षी दसऱ्याला मी पुण्याला होते आणि ठकूच्या दस्त्यावर स्वतः कुंकवाचं बोट टेकवलं. ही दोन्ही माणसं मीच आहे. त्यामुळे तुला सरळ उत्तर देता येत नाहीये.

आधी ठकू कोण ते सांगते. काका फक्त "आपली ठकू" म्हणतो, त्यापलीकडे तुला काही माहीत नाही. माझ्या आजोबांनी, म्हणजे तुझ्या पणजोबांनी, ही दुनळी बारा बोअर बंदूक घेतली ती पौडकडच्या शेतासाठी. तिथे आंबेमोहोर व्हायचा. लोंब्या भरायला लागल्या की डोंगरातून रानडुकरं उतरत आणि एका रात्रीत अर्धं खाचर आडवं करत. पीकसंरक्षणाचा परवाना होता. ठकू हे नाव का, यावर घरात अजून एकमत नाही. आत्या सांगते, त्याच साली थोरली ठकूआत्या लग्न होऊन सासरी गेली आणि आजोबांना घरात कोणालातरी ठकू म्हणून हाक मारायची होती. काका म्हणतो तसं काही नाही, बंदूक हट्टी होती, घोडा अडायचा, आणि ठकूआत्या हट्टी म्हणून प्रसिद्ध. मला आत्याचं खरं वाटतं. आजोबांना मुली फार लाडक्या होत्या.

सुगी सोडून बाकी वर्षभर ठकू शुक्रवार पेठेतल्या वाड्यात असे, माजघराच्या कपाटात. काडतुसं मात्र तिच्याजवळ कधीच नसत. ती डालड्याच्या डब्यात, देवघरावरच्या फळीवर, आणि त्या कपाटाची किल्ली तुझ्या आजीच्या कमरेला. अण्णांनासुद्धा, म्हणजे तुझ्या आजोबांनासुद्धा, ती मागून घ्यावी लागे.

दसऱ्याच्या आधी अण्णा तिला साफ करायला बसत. चौकातल्या उजेडात सतरंजी, त्यावर जुनं धोतर. बिजागरीतून मोडून आधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते स्वतः बघायचे, मग मला बघायला लावायचे. मग गजाला चिंधी बांधून, आजीच्या शिवणयंत्राचं तेल लावून नळीतून आरपार. पहिली चिंधी काळी येई, शेवटची पांढरी आली की मला परत डोळा लावू देत. नळीच्या आतल्या अंगाला उजेडाची कडी एकात एक दिसत आणि पलीकडे तुळशीवृंदावनाचा एवढासा तुकडा. घोड्याच्या वरच्या नक्षीत जेजुरीचा भंडारा कायमचा बसला होता, कितीही पुसला तरी खाचेत पिवळा राहायचाच. दस्त्याला जिथे गाल टेकतो तिथलं लाकूड काळसर, गुळगुळीत. आजोबांच्या गालाने आणि नंतर अण्णांच्या.

तिचे नियम होते. तिला ओलांडायचं नाही. रिकामी असली तरी नळी कोणाकडे करायची नाही. तिच्याजवळ उभं राहून भांडायचं नाही. चुलतभावाने एकदा काठी खांद्याला लावून "ठो" केलं, तर अण्णा दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. निवडणूक आली की आचारसंहितेत परवान्याची हत्यारं पोलिसांकडे जमा करावी लागतात. अण्णा तिला घोंगडीत गुंडाळून रिक्षाने नेत आणि पावती घेऊन येत. मग वाड्यातल्या बायका विचारत, "ठकू माहेरी गेली का?" निकाल लागून ती परत आली की आजी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकायची. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. घरात एक माणूस जास्त आहे, असंच मला वाटायचं. कडक, फारसं न बोलणारं, ज्याच्या वाटेला जायचं नसतं असं माणूस.

हे तुला सांगायचं होतं. नाव होतं म्हणून आम्हाला तिची भीती बाळगता आली. कपाटात नुसती वस्तू असती तर मुलांनी ती कधी ना कधी काढली असती. ठकूला कोणी हात लावला नाही.

आपणच असं करतो असंही नाही. अलामोच्या लढाईत पडलेल्या डेव्ही क्रॉकेटच्या रायफलीचं नाव बेट्सी होतं, ते तूच मला सांगितलंस, शाळेत टेक्सासचा इतिहास चालू होता तेव्हा. बफेलो बिल या इथल्या गाजलेल्या शिकाऱ्याने तर आपल्या बंदुकीला ल्युक्रेशिया बोर्जिया म्हटलं होतं. आमच्याकडे तलवारीपासून सुरुवात. महाराजांची भवानी कुठल्याही मराठी पोराला आधी माहीत होते, त्यांच्या जन्माचं साल नंतर. झाशीच्या किल्ल्यावरची कडकबिजली तोफ. आणि शाळेच्या सहलीत मुरुडला गेलो, शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला, तिथे कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम. कलालबांगडी एवढी मोठी की आम्ही सगळ्या मैत्रिणी तिला टेकून फोटोत मावलो. ती सिद्दीची तोफ, आमच्यावर रोखलेली, आणि तो किल्ला मराठ्यांना कधी घेता आला नाही. पण दिवाळीत वाड्यात मातीचा किल्ला केला तेव्हा बुरुजावरच्या खेळण्यातल्या तोफेला आम्ही नाव दिलं ते कलालबांगडीच. शत्रूची म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. याउलट बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात आम्ही कितीदा गेलो, काचेमागे सुंदर कट्यारी, बंदुका होत्या, आणि त्यातली एकही मला आज आठवत नाही.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा वाटलं, झालं, दिलं उत्तर. मग तोफांचाच विचार करत बसले आणि झमझमा आठवली.

ही तोफ अब्दालीसाठी लाहोरात ओतली, १७५७ साली. तिच्यासाठी लाहोरच्या घराघरांतून तांब्यापितळेची भांडी गोळा केली, असं सांगतात. कोणाच्या तरी आईचं पातेलं, कोणाचा तरी तांब्या. ती पानिपतावर आली, १४ जानेवारी १७६१. आपण तिळगूळ वाटतो ना, त्याच संक्रांतीच्या सुमाराला. तोफ अजून लाहोरला संग्रहालयासमोर चौथऱ्यावर उभी आहे आणि तिचं नाव सगळ्यांना माहीत आहे. आणि आपली जी माणसं गेली, त्यांचा निरोप पेशव्यांना कसा आला म्हणतात ते माहितीये? दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार. बाकी सगळे खुर्दा. पुण्यात त्या वर्षी असं घर नव्हतं म्हणतात ज्यातून कोणी गेलं नाही. आम्हाला हे शाळेत शिकवलं तेव्हा अंगावर काटा आला होता, तो भाऊसाहेबांसाठी. आज तुझ्या प्रश्नानंतर तोच निरोप वेगळा ऐकू येतो. तोफेला नाव राहिलं आणि तिच्यापुढे उभी असलेली माणसं सुट्टे पैसे झाली.

मग मला अण्णांच्या गोष्टी आठवायला लागल्या. "ठकूने त्या रात्री कळप परतवला." "ठकूने डुकरीण लोळवली." सगळीकडे ठकूने. चाप ओढणारं बोट कुठल्याच गोष्टीत नाही. तुझी शंका हीच असणार ना? नाव दिलं की काम तिचं होतं आणि हात मोकळा राहतो. मला हे मान्य करायला जड जातंय, पण त्यात तथ्य आहे. आम्ही ठकू कोणाला राखते तेवढंच सांगत आलो. ती काय करते ते "लोळवली" या शब्दात उरकायचं.

फक्त एक गोष्ट याच्या आड येते, ती सांगते आणि मग तू ठरव.

शेतावर वाघ्या नावाचा कुत्रा होता, माझ्या जन्माच्या आधी. अण्णा माळ्यावर बसले होते, अंधारात खाचरात सळसळ झाली, त्यांनी चाप ओढला. तो वाघ्या होता, डुकराच्या मागे गेलेला. ही गोष्ट अण्णांनी मला एकदाच सांगितली, मी लग्न होऊन इकडे यायला निघाले त्या आठवड्यात, बॅगा भरताना. का तेव्हा सांगितली कोण जाणे. त्यात ठकू नव्हती. "माझ्या हातून वाघ्या गेला," एवढंच म्हणाले. पुढे दोन सुगी त्यांनी तिला पौडला नेलंच नाही, डबे वाजवून राखण केली. चांगल्या वेळी नाव ठकूचं आणि वाईट वेळी हात स्वतःचा, असा माणूस होता तुझा आजोबा. बंदुकीला नाव देणारे सगळे असे असतात असं मी म्हणणार नाही. इथे दुकानांत ज्या तऱ्हेने बंदुका मांडलेल्या असतात, ते बघून मला कधी अण्णांची आठवण येत नाही.

म्हणून पुढच्या दसऱ्याला तुला नमस्कार करावासा वाटला नाही तर करू नकोस. काकाला मी सांगेन, तो समजून घेईल, आत्या थोडी कुरकुर करेल. पाटावर आमच्याकडे शिवणयंत्राची कात्री असते, काकाचे पाने-पक्कड असतात, पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती असते. त्यांना केलास तरी चालेल, तुझ्या व्हायोलिनलाही इथे हळदकुंकू लावूया. आणि कशालाच करावासा वाटला नाही तर नुसती आमच्याजवळ बसून राहा. मी हट्ट करत नाहीये. कदाचित करतेय थोडा.

काका म्हणत होता की आता शेतावर कोणी राहत नाही, परवान्याचं नूतनीकरण दर वेळी डोकेदुखी होते, मुलांपैकी कोणाला नको आहे. ठकू पोलिसांकडे कायमची जमा करून टाकावी असं त्याच्या मनात आहे. त्याने मला विचारलं आणि मी लगेच "हो" म्हणाले. मग रात्रभर झोप लागली नाही. दोन्ही खरं आहे, तुझ्यापासून काय लपवू.

एक गोष्ट मात्र मला या आठवड्यात पहिल्यांदा जाणवली. आजीने तिला ठकू म्हटलेलं मी कधी ऐकलेलं नाही. भाकरतुकडा ओवाळला, किल्ली कमरेला सांभाळली, तेल दिलं. पण बोलताना नेहमी "ती बंदूक". "ती बंदूक आत ठेवा." "त्या बंदुकीचं आवरलं का?" पन्नास वर्षं त्या घरात राहून तिने ते नाव तोंडात घेतलं नाही आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. का घेतलं नाही, हे मी विचारलं तर ती "काही नाही गं, तसंच" म्हणून विषय बदलेल. नातीला सांगेल. येत्या रविवारी फोन तू लाव आणि तूच विचार. मी मध्ये बोलणार नाही, हवं तर दुसऱ्या खोलीत जाते.

तुझी,
आई